परमुलखांतील घर आणि आपला कायदा

मुंबई-पुण्याच्या मोठ्या हॉटेलांतून अलीकडे एक नव्या तऱ्हेचा बाजार भरूं लागला आहे. दुबईंतील बिल्डरांचे दलाल तेथें दोन दिवस मुक्काम करतात, अद्याप न बांधलेल्या मनोऱ्याची प्रतिकृति काचेच्या पेटींत मांडतात, आल्यागेल्यास चहाफराळ देतात, आणि संध्याकाळपर्यंत आपल्याकडील डॉक्टर, सराफ, कापडाचे व्यापारी व कारखानदार यांच्या सह्या घेऊन निघून जातात. 'दरमहा एक टक्का भरा, घर तुमचें. तेथें प्राप्तिकर नाहीं. शिवाय दहा वर्षें राहण्याचा परवाना मिळेल', अशी त्यांची त्रिसूत्री आहे. ह्या तिन्ही वाक्यांत थोडें थोडें सत्य आहे, आणि म्हणूनच तीं निव्वळ थापेपेक्षां अधिक घातुक आहेत. थाप पकडतां येते; अर्धें सत्य पकडण्यास कायद्याचें पुस्तक उघडावें लागतें. आज तें पुस्तक आमच्या व्यापारी वाचकांपुढें उघडण्याचें आम्ही योजिलें आहे.

परदेशांत घर घेणें गैर आहे, असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. ज्याचा धंदा दुबईंत आहे, ज्याचीं मुलें तेथें नोकरीस आहेत, त्यानें तेथें स्वतःचें छप्पर पाहिल्यास त्यास कोण दोष देईल? आमची तक्रार निराळी आहे. गांवीं दहा गुंठ्यांचा तुकडा घ्यावयाचा असला तर जो मनुष्य सातबारा पाहतो, तलाठ्यास विचारतो, वकिलाकडून तीस वर्षांचा शोध काढवितो, चतुःसीमा पायांनीं मोजतो, तोच मनुष्य समुद्रापलीकडच्या कोट्यवधींच्या घरासाठीं एका रंगीत चित्रावर सही करतो. घरचा व्यवहार पारखून आणि बाहेरचा व्यवहार डोळे मिटून, ही रीत व्यापाऱ्याची नव्हे.

पहिलें तत्त्व हें कीं, स्थावर मालमत्तेस तिच्या जागेचा कायदा लागतो, मालकाच्या गांवचा लागत नाहीं. सोनें बरोबर नेतां येतें, हुंडी वटवितां येते. जमीन मात्र जेथें आहे तेथेंच राहते आणि तेथील सरकारच्या मर्जीत राहते. ह्यांत अन्याय असा कांहीं नाहीं, कारण आपणही परक्यांशीं असेंच वागतों. १९९९ च्या परकीय चलन व्यवस्थापन कायद्याखालीं येथें न राहणाऱ्या परकीय नागरिकास आपल्या देशांत स्थावर विकत घेतां येत नाहीं. पांच वर्षांहून अधिक नसलेला भाडेपट्टा काय तो त्यास मोकळा आहे. शेतजमीन तर परदेशांत राहणाऱ्या आपल्या नागरिकासही विकत मिळत नाहीं. फार कशाला, महाराष्ट्रांत १९४८ च्या कूळकायद्यानें शेतकरी नसलेल्या मराठी माणसालाही शेतजमीन घेण्याची मनाई आहे. गोव्यांत ह्या शतकाच्या पहिल्या दशकांत समुद्रकांठीं घरें घेणाऱ्या अनेक परकीयांस अंमलबजावणी संचालनालयाच्या नोटिसा गेल्या. 'आम्ही सहा महिन्यांहून अधिक येथें राहिलों' हें त्यांचें उत्तर पुरें पडण्यासारखें नव्हतें, कारण किती दिवस राहिला ह्याबरोबर कोणत्या हेतूनें राहिला हेंही आपला कायदा पाहतो, आणि पर्यटक म्हणून आलेला मनुष्य कितीही दिवस राहिला तरी रहिवासी ठरत नाहीं. त्यांनीं पैसे मोजले होते, खरेदीखतें नोंदविलीं होतीं. तरीही हक्क संशयांत पडला. आपण दुबईंत जातों तेव्हां आपण गोव्यांतल्या त्या परकीयाच्या जागीं असतों, हें आधीं मनांत ठसलें पाहिजे.

आतां दुबईचा कायदा काय देतो तें पाहूं. परकीयांस घरें विकण्याचें धोरण तेथें २००२ सालीं जाहीर झालें. त्यास कायद्याचें पक्कें रूप मात्र २००६ च्या सातव्या क्रमांकाच्या कायद्यानें आलें. म्हणजे मधलीं चार वर्षें लोकांनीं घोषणेच्या भरंवशावर पैसे मोजले. ह्या कायद्याप्रमाणें मालकीचा सरसकट हक्क तेथील नागरिकांस व आखाती संघटनेंतील देशांच्या नागरिकांस आहे; इतर परकीयांस तो राज्यकर्त्यानें ठरवून दिलेल्या भागांपुरताच आहे. त्या भागांत कायम मालकी, जिला तेथें फ्रीहोल्ड म्हणतात, ती मिळते, किंवा जास्तींत जास्त ९९ वर्षांचा पट्टा मिळतो. तेव्हां पहिला प्रश्न हा कीं, घर ठरवून दिलेल्या भागांत आहे काय. आणि दुसरा हा कीं, मिळणार ती मालकी कीं पट्टा. दोहोंचीं चित्रें सारखींच रंगीत असतात.

पुढें २००७ च्या आठव्या कायद्यानें असा नियम झाला कीं, बांधावयाच्या इमारतीसाठीं गिऱ्हाइकांकडून घेतलेला पैसा त्या इमारतीच्याच नांवें उघडलेल्या स्वतंत्र एस्क्रो खात्यांत ठेवावा, आणि बिल्डरच्या इतर सावकारांस त्यावर जप्ती आणतां येऊं नये. काम पुरें झाल्यावरही शेंकडा पांच रक्कम एक वर्ष राखून ठेवावी लागते. २००८ च्या तेराव्या कायद्यानें बांधकाम चालू असलेल्या घराची विक्री तात्पुरत्या नोंदवहींत नोंदलीच पाहिजे, नोंद नसल्यास ती विक्री रद्दबातल, असें ठरलें. हे दोन्ही नियम चांगले आहेत. परंतु ज्यानें धनादेश किंवा रोकड दलालाच्या हातीं दिली, त्यास त्यांचा आधार नाहीं. पैसा खात्यांत गेला आणि नांव वहींत लागलें, तरच कायदा तुमच्या बाजूनें बोलूं लागतो.

हे नियम कां करावे लागले, ह्याचें उत्तर लगेच मिळालें. २००८-०९ च्या मंदींत दुबईंतील घरांच्या किमती निम्म्याच्या आसपास उतरल्या, कित्येक इमारती पायांतच राहिल्या, आणि नोव्हेंबर २००९ मध्यें दुबई वर्ल्ड ह्या सरकारी कंपनीनें आपल्या सावकारांकडे कर्ज फेडण्यास मुदत मागितली. त्यानंतर बाजार सावरला, पुन्हां पडला, पुन्हां चढला. जो बाजार एवढ्या वेगानें चढतो तो उतरतोही, एवढें तरी सराफकट्ट्यावर बसणाऱ्यास शिकवावें लागूं नये.

'दरमहा एक टक्का' ह्या गोड वाक्याची दुसरी बाजू दलाल सांगत नाहींत. हप्ते थकले तर काय? भूमिखात्यामार्फत तीस दिवसांची नोटीस निघते. तीनंतर बिल्डरला करार मोडतां येतो, आणि काम सुरू झालेलें असल्यास तें किती पुरें झालें आहे त्या मानानें घराच्या किमतीच्या पंचवीस ते चाळीस टक्क्यांपर्यंत रक्कम ठेवून घेतां येते. हे टक्के भरलेल्या रकमेवर नसून पुऱ्या किमतीवर आहेत. ज्यानें चाळीस हप्ते भरले आणि मग धंद्यांत खोट आली, त्याचे चाळीसही हप्ते बुडण्याचा संभव आहे.

इतकें परक्या कायद्याचें झालें. आमच्या अनुभवास असें येतें कीं, वाचक ह्यापुढें आपल्या घरच्या कायद्याकडे पाहावयाचें विसरतो, आणि खरी ठेंच तेथेंच लागते. आपल्या देशांतील रहिवाशास परदेशांत स्थावर ठेवण्याची मूळ मनाईच आहे. परवानगी आहे ती अपवाद म्हणून. रिझर्व्ह बँकेच्या उदार प्रेषण योजनेखालीं, जिला बँकेंत एलआरएस म्हणतात, तिच्याखालीं माणशीं दरसाल अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवितां येते. २००४ सालीं ही योजना सुरू झाली तेव्हां मर्यादा पंचवीस हजार डॉलर होती. वाढत वाढत ती २००७ सालीं दोन लाखांवर गेली. ऑगस्ट २०१३ मध्यें रुपया घसरूं लागतांच रिझर्व्ह बँकेनें ती एकदम पंचाहत्तर हजारांवर आणिली आणि ह्या योजनेंतून परदेशांत घर घेणेंच बंद केलें. तें दार पुढच्या वर्षीं उघडलें, आणि २०१५ पासून अडीच लाखांची मर्यादा आहे. जें दार एकदां रातोरात लागलें तें पुन्हां लागणार नाहीं, अशी हमी कोणीं दिली आहे? पांच-सात वर्षांचे हप्ते कबूल करणाऱ्यानें हा प्रश्न स्वतःस विचारला पाहिजे.

आतां हिशेब मांडूं. राहण्याचा दहा वर्षांचा परवाना वीस लाख दिरहम किंवा त्याहून अधिक किमतीच्या घरास मिळतो. दिरहमाचा भाव १९९७ पासून डॉलरास ३.६७२५ असा बांधलेला आहे. म्हणजे ही किंमत सुमारें पांच लाख पंचेचाळीस हजार डॉलर झाली. नवराबायकोची एका वर्षाची मर्यादा मिळून पांच लाख डॉलर. तेव्हां दोघांस हें घर एका वर्षांत घेतांच येत नाहीं. तिसरा हिस्सेदार हवा, किंवा दुसरें वर्ष उजाडावयास हवें. घरांतील इतर माणसांची रक्कम एकत्र करतां येते, पण ज्याची रक्कम त्याचें नांव खरेदीखतांतही असलें पाहिजे. ह्यावर भूमिखात्याची फी शेंकडा चार, म्हणजे ऐशीं हजार दिरहम; दलालाचे रूढ दोन टक्के, म्हणजे चाळीस हजार. शिवाय येथून रक्कम पाठवितांना वर्षांतील पहिले दहा लाख रुपये वगळून बाकीवर बँक शेंकडा वीस टीसीएस म्हणून कापते. तो प्राप्तिकरांत वळता मिळतो हें खरें. परंतु मिळेपर्यंत व्यापाऱ्याचें तेवढें भांडवल अडकून पडतें.

हा पैसा कर्जाऊ काढून पाठवावा म्हटलें तर बँकांस तशी मनाई आहे. भांडवली रकमा बाहेर पाठविण्यासाठीं त्यांनीं कर्ज द्यावयाचें नाहीं. क्रेडिट कार्डानें आगाऊ रक्कम भरण्याची सोय दलाल मोठ्या कौतुकानें दाखवितात. कार्ड परदेशांतील चालू खर्चासाठीं आहे, स्थावर खरेदीसाठीं नव्हे. बिल्डरनें दिलेली लांब मुदतीची हप्तेबंदी ही परकीयाकडून घेतलेली उधारी ठरेल कीं काय, असाही प्रश्न उभा राहतो. म्हणून सही करण्यापूर्वीं आपल्या बँकेचें मत लेखी घ्यावें. आणि हवाला? त्याविषयीं आडपडदा ठेवण्यांत अर्थ नाहीं. 'येथें रोख द्या, तेथें दिरहम घ्या' ही बोळवण आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या कानीं आली असेल. तिची किंमत अशी: चलनकायद्याखालीं गुंतलेल्या रकमेच्या तिप्पट दंड होऊं शकतो; आणि २०१५ च्या दुरुस्तीनें, कायदा मोडून परदेशांत घेतलेल्या स्थावराच्या किमतीएवढी येथील मालमत्ता जप्त करण्याचा अधिकार सरकारास आला आहे. दुबईंतल्या फ्लॅटापायीं बुधवार पेठेंतली वडिलोपार्जित पेढी जाऊं शकते, हें ज्यास मराठींत सांगावयास हवें होतें त्यास कोणीं सांगितलें नाहीं, म्हणून आम्ही सांगत आहों.

'तेथें प्राप्तिकर नाहीं' हें वाक्यही असेंच. तेथें नाहीं, येथें आहे. जो येथील रहिवासी आहे त्याच्या सर्व जगांतील उत्पन्नावर येथें कर बसतो. १९६१ च्या कायद्यांत हें तत्त्व होतें, आणि २०२५ च्या नव्या कायद्यांतही तेंच कायम आहे. दुबईंतल्या घराचें भाडें येथील विवरणपत्रांत दाखवावें लागतें, आणि भाडें नसलें तरी घर परकीय मालमत्तेच्या परिशिष्टांत दाखवावेंच लागतें. न दाखविल्यास २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्याखालीं दहा लाख रुपये दंड होऊं शकतो. लहानसहान परकीय मालमत्तेस वीस लाखांपर्यंत ह्या दंडांतून २०२४ सालीं सूट मिळाली, परंतु स्थावर त्या सवलतींतून मुद्दाम वगळलें आहे. आणि घर लपविलेल्या पैशांतून घेतलें असें ठरलें तर किमतीवर शेंकडा तीस कर आणि कराच्या तिप्पट दंड, म्हणजे घराच्या किमतीच्या एकशें वीस टक्के; वर तुरुंगवास निराळा. घर विकूनही हें देणें फिटावयाचें नाहीं. लपून राहील म्हणावें तर भाडें जमा होणाऱ्या बँकखात्याची माहिती अमिरातीकडून आपल्या सरकारास आपोआप येते.

परवान्याविषयीं दोन शब्द. दहा वर्षें राहण्याचा परवाना म्हणजे नागरिकत्व नव्हे. मतहक्क नाहीं, कायद्यावर बोलण्याचा हक्क नाहीं. परकीय खरेदीदार हा जगांत सर्वत्र राजकारणाचें सोपें गिऱ्हाईक झाला आहे. सिंगापूरनें एप्रिल २०२३ मध्यें परकीयांवरील जादा मुद्रांक शेंकडा साठवर नेला. कॅनडानें त्याच वर्षाच्या आरंभीं परकीयांस घरें विकणें बंद केलें. ऑस्ट्रेलियानें एप्रिल २०२५ पासून बांधून झालेलीं घरें दोन वर्षांसाठीं परकीयांस बंद केलीं. घराच्या बदल्यांत परवाना देण्याची पद्धत पोर्तुगालनें २०२३ सालीं आणि स्पेननें २०२५ सालीं मोडून टाकली. आणि आपल्या लोकांनीं ह्याहून कडू घोट घेतले आहेत. ब्रह्मदेशांत १९४८ सालीं जमिनीच्या राष्ट्रीयीकरणाचा कायदा झाला, १९६२ नंतरच्या लष्करी अंमलांत दुकानेंही सरकारजमा झालीं, आणि लाखों हिंदी माणसें पिढ्यान् पिढ्यांची मिळकत टाकून बोटींत बसलीं. युगांडांत १९७२ च्या ऑगस्टांत आशियाई लोकांस नव्वद दिवसांत देश सोडण्याचा हुकूम सुटला. दुबई म्हणजे युगांडा नव्हे, हें आम्हांस मान्य आहे. आपल्या व्यापाऱ्यांस तेथें पिढ्यान् पिढ्या सन्मानानें वागविलें गेलें आहे. तथापि सर्व संसार एका परक्या ताटांत वाढून घेऊं नये, एवढा बोध ह्या इतिहासांतून घेणें भित्रेपणाचें लक्षण नव्हे.

मृत्यूनंतरचा विचार तर कोणीच करीत नाहीं. मुसलमानेतर परकीयांसाठीं अमिरातींत फेब्रुवारी २०२३ पासून जो कायदा लागू झाला, त्याप्रमाणें मृत्युपत्र नसल्यास निम्मी मिळकत पतीस किंवा पत्नीस आणि निम्मी मुलांस समान मिळते. मुलें असतां आईस कांहीं नाहीं. आपल्या १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यांत आई पहिल्या वर्गाची वारस आहे. मयताच्या देशाचा कायदा लावावा अशी मागणी वारसांस करतां येते, पण ती परमुलखाच्या न्यायालयांत आणि दुःखाच्या दिवसांत. ज्याच्या घरीं म्हातारी आई आहे त्यानें घर घेतल्याच्याच महिन्यांत तेथील घरापुरतें स्वतंत्र मृत्युपत्र करून तें तेथेंच नोंदवावें.

आमचे कांहीं स्नेही म्हणतील कीं, इतका खल कशास? देशाचा पैसा देशाबाहेर जाऊं देणें हाच राष्ट्रद्रोह आहे, सरकारनें ही वाट बंद करावी. हें म्हणणें आम्हांस पटत नाहीं. १९७३ च्या जुन्या चलनकायद्याच्या दिवसांत वाट बंदच होती. तेव्हां पैसा गेला नाहीं असें नाहीं, तो चोरवाटेनें गेला, आणि साधा व्यापारी गुन्हेगार ठरला. उघडी, मोजलेली आणि कर भरलेली वाट केव्हांही बरी. परंतु ह्या स्नेह्यांच्या म्हणण्यांत एक कण खरा आहे. २००८ च्या आरंभीं डॉलर सुमारें चाळीस रुपयांस होता, २०२५ च्या अखेरीस तो नव्वदीच्या घरांत गेला. दिरहम डॉलरास बांधलेला असल्यामुळें दुबईच्या घरांत झालेला रुपयांतला नफा बराचसा आपल्याच नाण्याच्या घसरणीचा आहे. ज्यास हा नफा हवा आहे त्यानें तो खुशाल घ्यावा. मात्र तो आपल्या व्यापारी चातुर्याचें फळ म्हणून मिरवूं नये.

आमचा खरा रोख सरकारावर आहे. महाराष्ट्रांतील बिल्डरास नोंदणी केल्यावांचून जाहिरात करतां येत नाहीं. गिऱ्हाइकाच्या पैशाचा शेंकडा सत्तर भाग निराळ्या खात्यांत ठेवावा लागतो. २०१६ च्या कायद्यानें दलालासही नोंदणी क्रमांक लागतो. परदेशांतील इमारत विकणारा मात्र आमच्याच शहरांत, आमच्याच वर्तमानपत्रांत जाहिरात देऊन, आमच्याच माणसांचे पैसे घेऊन जातो, आणि त्या इमारतीस ह्यांतील एकही अट लागत नाहीं. हें छिद्र बुजविलेंच पाहिजे. आमच्या मागण्या चारच आहेत. परदेशांतील घर येथें विकणाऱ्या प्रत्येक दलालानें येथें नोंदणी करावी आणि येथील न्यायालयास जबाबदार राहावें. मालकी कीं पट्टा, एस्क्रो खात्याचा क्रमांक, हप्ते थकल्यास होणारी कपात आणि येथील चलनकायद्याच्या अटी, हें सर्व एका पानावर मराठींत छापून सहीपूर्वीं गिऱ्हाइकाच्या हातीं द्यावें. आगाऊ रक्कम घेतल्यावर पंधरा दिवस ती बिनशर्त परत मागण्याची मुभा असावी. आणि रिझर्व्ह बँकेनें हप्तेबंदीविषयींचा आपला नियम निःसंदिग्ध शब्दांत प्रसिद्ध करावा. प्रजेनें आधीं चूक करावी आणि मग संचालनालयानें नोटीस धाडावी, ही राज्यकारभाराची रीत नव्हे.

हें सर्व होईल तेव्हां होईल. तोंवर वाचकांनीं एवढें तरी करावें: घर ठरवून दिलेल्या भागांत आहे ह्याचा दाखला, एस्क्रो खात्याचा दाखला, नोंदवहींतील नांव, येथील बँकेचें पत्र आणि विवरणपत्रांतली नोंद, हे पांच कागद एका फाइलींत हातीं असल्यावांचून पहिला हप्ता सोडूं नये, आणि विवरणपत्राचा कागद पुढें व्हावयाचा असल्यास त्याची तारीख आजच लिहून ठेवावी. दलाल घाई करील, 'उद्यां भाव वाढेल' म्हणेल. त्यास खुशाल सांगावें कीं, आमच्याकडे गाय घेतांनाही दांत मोजतात.